तपासणी कोणाची? शाळेची परीक्षा, नदीवरची नाव आणि सरकारचा जमाखर्च

१/
पुणे जिल्ह्याच्या नकाशावर वडगाव रासाई शोधा. भीमेच्या काठचे, शिरूर तालुक्यातील गाव. नदीच्या पलीकडे दौंड तालुका. आज आपण ज्याला दौंड तालुका म्हणतो तो इंग्रजी कागदपत्रांत ‘भीमथडी’ या नावाने येतो. मराठ्यांच्या घोड्यांमुळे ‘भीमथडीचे तट्टू’ म्हणून गाजलेला हाच मुलूख. थडी म्हणजे काठ. दोन तालुक्यांच्या मध्ये नदी आहे, आणि प्रशासनाच्या दृष्टीने ती केवळ एक सीमारेषा आहे. काठावर राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने मात्र ती ओलांडायची गोष्ट आहे.

या थ्रेडचा विषय ‘ओलांडणे’ हाच आहे. तो दोन प्रकारचा: नदी ओलांडणे आणि इयत्ता ओलांडणे. दोन्हींचा हिशेब सरकारने गेली दीडशे वर्षे कसा ठेवला, आणि कोणता हिशेब मुद्दाम ठेवला नाही, ते पाहू. थ्रेड लांब आहे.

२/
सुरुवात पैशांपासून करू. इतिहासात ती बहुधा सर्वांत प्रामाणिक सुरुवात असते.

१८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात जमीनमहसुलावर एक उपकर बसला. महसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा. पुढे १८६९ च्या कायद्याने त्याला पक्के रूप आले. या रकमेला ‘लोकल फंड’ म्हणत. ढोबळ वाटणी अशी: दोन तृतीयांश रस्ते व इतर स्थानिक कामांना, एक तृतीयांश शाळांना. जिल्हा गॅझेटिअरांतील लोकल फंडाचा जमाखर्च उघडून पाहा. जमेच्या बाजूला एक आणा उपकराखाली तरींचे उत्पन्न, टोल, कोंडवाडा, शाळांची फी अशा बाबी ओळीने येतात.

(‘तर’ म्हणजे नदीवरून उतारूंना पार नेणारी नाव. ‘तरीचा मक्ता’ हा शब्द आजोबांच्या पिढीला सहज समजत असे.)

म्हणजे शाळा आणि नाव या दोन्ही गोष्टी एकाच वहीत होत्या. भीमाकाठच्या कुणब्याने दोन्हींसाठी पैसे मोजले होते, आणि तेही आगाऊ. ‘गावकऱ्यांना सरकार काहीतरी देते’ ही भाषा इथेच खोटी पडते. सरकार देत नव्हते. घेतलेल्यातला काही भाग परत करत होते.

३/
आता नावेकडे. १८६८ साली मुंबई सरकारने तरी आणि अंतर्गत जलवाहतुकीच्या नावांविषयी कायदा केला. कोणती तर सार्वजनिक ते सरकार ठरवणार, भाडे ठरवणार, चालवण्याचा हक्क मक्त्याने देणार. पूर्वी गावच्या कोळ्याला धान्याच्या रूपाने मिळणारा मोबदला आणि नदीशी असलेले त्याचे नाते यांच्या जागी लिलाव आला.

या व्यवस्थेतली मेख ध्यानात घ्या. तर हे सरकारच्या वहीत जमेचे कलम झाले. किती उत्पन्न आले ते लिहिले गेले. किती मुले, किती बाळंतिणी, किती आजारी माणसे पावसाळ्यात अलीकडच्या काठावरच अडकली, याला त्या वहीत रकानाच नव्हता. ज्या गोष्टीला रकाना नाही तिच्याबद्दल कोणी जाब विचारत नाही. दीडशे वर्षांच्या कारभारातली ही सर्वांत टिकाऊ युक्ती असावी.

४/
शाळेच्या बाबतीत मात्र नेमके उलटे घडले. तिथे रकानेच रकाने.

यासाठी थोडे लंडनला जावे लागेल. १८६२ साली रॉबर्ट लो या मंत्र्याने इंग्लंडमधील प्राथमिक शाळांसाठी ‘सुधारित संहिता’ आणली. शाळेचे अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि परीक्षेतील यशावर अवलंबून ठेवले. सरकारी तपासनीस वर्षातून एकदा येणार, एकेक मूल समोर उभे करून वाचन, लेखन आणि अंकगणित तपासणार, आणि जितकी मुले नापास होतील तितकी शाळेची रक्कम कापणार. तत्त्व दिसायला निर्दोष होते: निकाल द्या, पैसे घ्या. लो यांचा हेतूही लपलेला नव्हता. शिक्षण एक तर परिणामकारक होईल किंवा निदान स्वस्त तरी होईल, असा त्यांचा हिशेब होता.

परिणाम काय झाला? मास्तर परीक्षेचे शिकवू लागले. तपासनीस जे पुस्तक उघडणार ते मुलांकडून आधीच पाठ करून घेतले जाऊ लागले. कवी व समीक्षक मॅथ्यू आर्नल्ड स्वतः शाळा तपासनीस होता, आणि त्याने या पद्धतीवर उघड टीका केली. वर्षानुवर्षे ज्याने हे आतून पाहिले त्याचाच हा विरोध होता.

५/
ही पद्धत लवकरच बोटीत बसून मुंबईला आली. १८६० च्या दशकाच्या मध्यावर इथल्या खाजगी शाळांच्या अनुदानाला ‘निकालानुसार रक्कम’ हे तत्त्व लागू झाले. कर्ज काढून मुलांना शाळेत घालणाऱ्या शहरी घरांची मुले आणि गुरे राखणारी मुले एकाच फूटपट्टीने मोजली जाऊ लागली. जिथे मुले पास होत तिथे पैसा जाई. जिथे शाळेची सर्वाधिक गरज, तिथे पास होणारी मुले सर्वांत कमी, म्हणून पैसाही सर्वांत कमी. दुष्काळी गावाला पाऊस कमी पडतो म्हणून विहिरीचे अनुदान नाकारावे, तसला हा न्याय.

६/
आणि मग येतो १८८२ चा ऑक्टोबर.

विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला होता. पुण्यातील जुना गंज पेठेत राहणाऱ्या जोतीराव फुल्यांनी आयोगाला निवेदन सादर केले. शालेय पुस्तकांत या निवेदनाचा एकच मुद्दा येतो: बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. मुद्दा मोठाच आहे. पण बाकीचे निवेदन न वाचता तेवढाच सांगणे म्हणजे फुल्यांना एका घोषणेत कोंबणे होय.

निवेदनाचा पाया हिशेबाचा आहे. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांकडे वळतो, हे फुले आयोगासमोर ठामपणे मांडतात. लोकल फंडाचा निम्मा पैसा प्राथमिक शिक्षणालाच मिळाला पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे. वर सांगितलेली एक आण्याची वही आठवा. फुले तिच्यातला खर्चाचा रकाना वाचत होते.

७/
मग ते तपासणीकडे येतात. हा भाग माझ्या मते संपूर्ण निवेदनातला सर्वांत आधुनिक भाग आहे.

प्राथमिक शाळांवर देखरेख करणारी यंत्रणा सदोष आणि अपुरी आहे, असे ते म्हणतात. डेप्युटी इन्स्पेक्टर (गावोगावचे मास्तर ज्याला ‘दिपोटी’ म्हणत) वर्षातून एकदा येऊन जातो, त्याचा फारसा उपयोग नाही. निदान दर तीन महिन्यांनी शाळा तपासली जावी. आणि शिवाय अधूनमधून आगाऊ सूचना न देता भेट द्यावी. जिल्ह्याच्या आणि गावच्या अधिकाऱ्यांवर विसंबू नका. त्यांच्यामागे इतकी कामे असतात की शाळेत जायला त्यांना क्वचितच वेळ मिळतो, आणि गेलेच तर त्यांची तपासणी वरवरची होते.

सूचना न देता भेट का? कारण सूचना दिली की शाळा त्या दिवसापुरती सजते. तपासणीसाठी सजवलेली व्यवस्था काय लपवते हे फुल्यांना पुरते ठाऊक होते, कारण त्यांनी स्वतः शाळा काढल्या होत्या आणि चालवल्या होत्या.

८/
‘निकालानुसार रक्कम’ या पद्धतीबद्दलही ते स्पष्ट बोलतात. अज्ञान आणि दारिद्र्यात ठेवल्या गेलेल्या लोकांत शिक्षण पसरवायला ही पद्धत योग्य नाही. त्यांच्यात शिक्षणाची गोडीच अजून निर्माण झालेली नाही. तिथे निकालाच्या भरवशावर स्वतःहून शाळा काढायला कोणता शिक्षक जाईल? त्याचे पोट कसे भरेल? तिथे सरकारनेच शाळा चालवल्या पाहिजेत.

इथे एक बारकावा आहे आणि तो सोडून चालणार नाही. फुले परीक्षेचे शत्रू नव्हते. जास्त मुले पास करून दाखवणाऱ्या खेड्यातील शिक्षकाला पगाराखेरीज विशेष भत्ता द्यावा, असेही ते सुचवतात. परंतु त्याआधी ते पगाराचा आकडा सांगतात: बारा रुपयांपेक्षा कमी नको, मोठ्या गावात पंधरा किंवा वीस. क्रम पाहा. आधी सरकारचे कर्तव्य पक्के, त्यानंतर शिक्षकाच्या यशाला बक्षीस. लो यांच्या संहितेत हा क्रम उलटा होता. आधी मुलाने सिद्ध करायचे, नंतर सरकार आपले कर्तव्य करायचे की नाही ते ठरवणार.

माझा सगळा वाद या क्रमाबद्दल आहे.

९/
आयोगाने काय केले? प्राथमिक शाळांना द्यायची मदत बऱ्याच अंशी परीक्षेच्या निकालावर ठरवावी, अशी शिफारस केली. मागास जिल्ह्यांतील शाळांसाठी अपवादाची एक फट ठेवली. अपवाद म्हणून जे ठेवले ते खरे तर बहुसंख्य मुलांचे वास्तव होते.

१९०४ साली कर्झनच्या काळातील शिक्षणविषयक सरकारी ठरावाने निकालानुसार रक्कम देण्याची पद्धत अखेर निकालात काढली. फुल्यांच्या निवेदनानंतर बावीस वर्षांनी. या बावीस वर्षांत किती मुले दिपोटीच्या एका दिवसासाठी शिकली, याची नोंद नाही. तो रकानाही नव्हता.

१०/
पुढचा प्रवास झरझर करू. १८८४ च्या कायद्याने लोकल बोर्डे. १९११ मध्ये गोखल्यांचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक, आणि १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी त्याचा पराभव. १९१७ मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांनी सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, त्यात मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंडाची तरतूद होती. (शाळाच न देणाऱ्या सरकारला दंड किती, हे कोणत्याच कायद्याने कधी लिहिले नाही. कोल्हापुरात निदान दरबाराने शाळा काढण्यावर पैसा खर्च केला होता.) मग १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा.

शाळा जिल्हा परिषदेकडे. ग्रामीण रस्तेही तिच्याकडे. म्हणजे ती जुनी एक आण्याची वही आता एका निवडून आलेल्या संस्थेच्या टेबलावर आली. आता तरी दोन्ही रकाने एकत्र वाचले जाणार होते.

११/
वाचले गेले का? वर्तमानात या.

२२ जून २०१५ चा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा शासन निर्णय. पाठोपाठ पायाभूत चाचणी, संकलित चाचण्या, गुणांच्या ऑनलाइन नोंदी, ‘प्रगत शाळा’ म्हणून घोषणा. २०१७ आणि २०२१ मध्ये राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण. २०२३-२४ पासून नियतकालिक मूल्यांकन चाचणी. शिक्षणहक्क कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर, डिसेंबर २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा, आणि पुनर्परीक्षेतही नापास झाल्यास त्याच वर्गात थांबणे. डिसेंबर २०२४ मध्ये ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षण: तिसरी, सहावी, नववी.

नऊ वर्षांच्या मुलाची इतकी मोजमापे बहुधा कुठल्याच मंत्र्याची होत नसतील.

१२/
इथे कोणीतरी म्हणेल: मग तुम्ही चाचण्यांच्या विरोधात आहात का? मुलांना वाचता येते की नाही हे कळायलाच नको?

कळायलाच हवे. २००५ पासून निघणारे ‘असर’चे अहवाल पाहा. स्वयंसेवक खेड्यात जातात, घरी बसलेल्या मुलासमोर दुसरीचा परिच्छेद ठेवतात. देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतील जवळपास निम्म्या मुलांना तो वाचता येत नाही, हे आपल्याला त्यातून कळते. सरकारने ते आधी सांगितले नव्हते. या चाचणीत मुलाला गुण मिळत नाहीत, मूल नापास होत नाही, शिक्षकाचे नाव येत नाही. मोजले जाते ते व्यवस्थेचे अपयश, आणि मोजणारा व्यवस्थेच्या बाहेरचा असतो. शिवाय तो शाळेत तारीख कळवून येत नाही. फुल्यांनी १८८२ मध्ये मागितलेली भेट साधारण अशीच होती.

आक्षेप त्या चाचणीला आहे जिचा निकाल खाली घरंगळतो. मुलाचे गुण कमी, म्हणून शिक्षकाला नोटीस. शिक्षकाचे वर्षातले किती दिवस निवडणूक याद्या, जनगणना आणि सर्वेक्षणांत गेले, हे त्या नोटिशीत नसते. पदे किती रिक्त आहेत हेही नसते. निकाल वर चढत नाही. शिक्षणाधिकारी ‘अप्रगत’ ठरल्याचे आपण कधी ऐकले आहे का?

१३/
आता पुन्हा नदीवर. वडगाव रासाईच्या शिवारावरून गेलेले भीमेचे पाणी पुढे दौंड ओलांडून उजनीत साठते.

२१ मे २०२४. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातल्या कुगावहून एक बोट पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघाली. संध्याकाळी वादळी वारा सुटला, बोट उलटली. एक जण पोहत काठाला लागला. सहा जण बुडाले. त्यांत दोन लहान मुले होती. त्यानंतर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आले, मंत्री आले, कॅमेरे आले.

त्याआधी त्या पाण्यावर रोज किती माणसे जात होती, किती बोटी होत्या, किती जणांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट होते? दरवाढ, वेळापत्रक, तपासणी, वाऱ्याचा इशारा: कोणत्या कार्यालयाच्या वहीत हे होते? १८६८ च्या वहीत निदान मक्त्याची रक्कम तरी होती.

१४/
आणि हे पाणी निसर्गाने आणलेले नाही, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरता कामा नये. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्यापूर्वी उन्हाळ्यात जिथे माणसे पाय भिजवून पार होत, तिथे धरणाने कायमचा जलाशय पसरवला. शेजारची गावे समोरासमोर राहिली आणि एकमेकांपासून दूर गेली. कोयनेचा शिवसागर, जायकवाडीचा नाथसागर यांची कथा वेगळी नाही. महाराष्ट्रातील बरीचशी ‘बेटे’ शासनाने बांधलेली आहेत. धरणाच्या पाण्याची वीज झाली, साखर झाली. या पाण्याने अडवलेल्या माणसाच्या वाट्याला होडी आली, आणि ती होडी त्याने स्वतः आणायची होती.

१५/
सातारा जिल्हा, जावळी तालुका, खिरखंडी. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका बातमीची स्वतःहून दखल घेतली. या गावातील मुली शाळेत जाण्यासाठी कोयनेच्या जलाशयात स्वतः होडी वल्हवत होत्या आणि पलीकडे उतरल्यावर जंगलातून चार किलोमीटर चालत होत्या.

पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, औरंगाबाद खंडपीठासमोर गंगापूर तालुक्यातील भिवधानोऱ्याची मुले आली. जायकवाडीच्या फुगवट्यातून शाळेत जायला त्यांच्याकडे थर्मोकोलचे तराफे होते.

क्षणभर वर मांडलेला कारभार या मुलींच्या बाजूने पाहा. खिरखंडीची मुलगी शाळेत पोचली की तिची पायाभूत चाचणी होणार, संकलित होणार, तिचे गुण संगणकावर चढणार. तिची वल्हे मारण्याची परीक्षा रोज होत होती, पण तिच्या निकालाला प्रगतिपत्रकात जागा नव्हती. तिच्या अनुपस्थितीचा दिवस ‘गैरहजर’ म्हणून मांडला जाणार. वारा होता म्हणून ती आली नाही, हा शेरा कुठे लिहायचा?

१६/
‘अशी गावे मोजकीच आहेत’ हे उत्तर ठरलेले असते. हंटर आयोगाचा ‘अपवाद’ आठवा.

शिवाय ही गावे मोजकी आहेत हे कोणी मोजले? खिरखंडी बातमीने कळले. भिवधानोरा बातमीने कळले. कळाशी बुडण्याने कळले. राज्यातील किती विद्यार्थी रोज पाणी ओलांडून शाळेत जातात याची मोजणी राष्ट्रीय सर्वेक्षणाइतकी अवघड नाही. केंद्रप्रमुखांना एक तक्ता पाठवला तर आठवड्यात आकडा हाती येईल. माध्यान्ह भोजनाचे ताट रोज मोजता येते, तर होडीतली मुलेही मोजता येतील.

१७/
थोडे समुद्राकडे जाऊ, कारण फेरीबोटीच्या हिशेबाचा आपला सर्वांत दारुण धडा तिथला आहे.

१७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनाही राहिला नव्हता. ‘रामदास’ बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. मुंबई बंदरापासून इतक्या जवळ घडलेली ही घटना मुंबईला कळायला दुपार उलटून गेली, आणि तीही जिवंत राहिलेल्यांनी पोहत येऊन सांगितली तेव्हा.

१८ डिसेंबर २०२४. गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ फेरीबोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. पंधरा मृत्यू. चूक फेरीबोटीची नव्हती. पण तिच्यावर परवान्यातील क्षमतेहून जास्त माणसे होती, ही गोष्ट त्यानंतर तपासात पुढे आली. अपघातानंतर प्रत्येक प्रवाशाच्या अंगावर जाकीट चढवण्याची सक्ती झाली. म्हणजे जाकिटे अंगावर घालता येत होती. आदल्या दिवशीही घालता आली असती.

सत्याहत्तर वर्षांच्या अंतरातले हे दोन प्रसंग एकाच सवयीचे आहेत: नाव बुडेपर्यंत तिचा रकाना कोरा.

१८/
हे सारे अटळ आहे का? गोव्यात जा. दिवाडी आणि चोडण ही मांडवीतली बेटे. तिथे नदी परिवहन खाते नावाचे स्वतंत्र सरकारी खाते फेरीबोटी चालवते, आणि पायी प्रवाशाला भाडे नाही. तिथली सेवा आदर्श आहे असे मी म्हणत नाही. बोटी जुन्या, खोळंबा नेहमीचा. पण बोट उशिरा आली तर कोणाला शिव्या द्यायच्या हे दिवाडीच्या माणसाला माहीत असते. २०२३ मध्ये दुचाकींना भाडे लावण्याचा निर्णय लोकांच्या विरोधापुढे टिकला नाही. जबाबदार खात्याच्या नावाची पाटी असली की लोकांचा राग योग्य पत्त्यावर पोचतो. कळाशीच्या काठावर अशी पाटी होती का?

१९/
आता कायद्यातले अंतर. हा मुद्दा वडगाव रासाईसारख्या नदीकाठच्या कोणत्याही गावाला लागू पडतो.

शिक्षणहक्क कायद्याखालील राज्याच्या २०११ च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. जिथे ते शक्य नाही तिथे वाहतुकीची सोय करणे ही शासनाची जबाबदारी आहे. आता नकाशावर शिरूरच्या काठावर एक टोक आणि दौंडच्या काठावर दुसरे टोक धरून रेघ ओढा. पलीकडची शाळा सरळ रेषेत कदाचित एक किलोमीटरच्या आत येईल. पुलावरून जायचे तर ते अंतर कितीतरी पटीने वाढू शकते. कोणते अंतर धरायचे, कावळ्याचे की मुलाचे?

हा शाब्दिक खेळ नाही. २०१७ च्या अखेरीस कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हा ‘जवळची शाळा’ हाच आधार होता. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या ‘समूह शाळां’साठी प्रस्ताव मागवले गेले आणि दाखला दिला गेला तो पानशेत आणि तोरणमाळचा. पानशेत हेही धरणाचेच खोरे! शाळा एकत्र केल्या की अंतर वाढते, अंतर वाढले की वाहन हा शाळेचाच भाग होतो, एखाद्या वर्गखोलीइतका. बस किंवा बोट बंद पडली तर तो ‘प्रवासाचा प्रश्न’ उरत नाही, शाळा बंद असल्याचा दिवस ठरतो. तो तसाच नोंदवला पाहिजे.

२०/
शेवटचे, कामाचे. १८८२ मध्ये फुल्यांना आयोग येण्याची वाट पाहावी लागली. आपल्याकडे २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे: दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. आणि २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे, ज्यात यांत्रिक बोटींची नोंदणी व तपासणी तर आहेच, शिवाय इंजिन नसलेल्या होडीच्या नोंदीसाठी जिल्हा, तालुका, गाव पातळीवरच्या संस्थांना काम देण्याची तरतूदही आहे.

तुमचे गाव, आजोळ किंवा मामाचा वाडा नदीकाठी वा धरणाकाठी असेल तर पंचायत समितीच्या शिक्षण विभागाला आणि जिल्हा परिषदेला पुढील माहिती मागा. अर्जात ‘का’ विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. ‘किती’, ‘कधी’ आणि ‘प्रत द्या’ एवढेच विचारा:

तालुक्यातील किती विद्यार्थी शाळेत येण्यासाठी नदी, ओढा किंवा जलाशय ओलांडतात, त्याची शाळानिहाय यादी.

जवळच्या शाळेचे अंतर सरळ रेषेत मोजले की रस्त्याने, त्या मोजणीच्या कागदाची प्रत.

मागील तीन वर्षांत पूर किंवा वाहतूक बंद यामुळे शाळा न भरलेले व मुले न पोचलेले दिवस.

तालुक्यातील नोंदणीकृत होड्या व बोटींची संख्या, प्रत्येकीची क्षमता आणि शेवटच्या तपासणीची तारीख.

शिक्षकांच्या मंजूर व रिक्त पदांची संख्या, आणि मागील वर्षी अशैक्षणिक कामांवर गेलेले दिवस.

आणि सहावे, खास दिपोटीच्या स्मरणार्थ: मागील वर्षभरात गटशिक्षणाधिकाऱ्यांनी पूर्वसूचना न देता किती शाळांना भेटी दिल्या, त्या भेटींच्या शेरेवहीची प्रत.

२१/
उत्तर आले की या थ्रेडखाली टाका, ‘माहिती उपलब्ध नाही’ असे आले तरी. तालुक्याचे नाव लिहा, अर्जदाराचे नको. पुढचा थ्रेड गोखल्यांच्या विधेयकाविरुद्ध मत देणाऱ्यांनी कोणती कारणे दिली यावर.